पोपट सोडून बाकीचं

जपानला वांग्यांचा वास येतो असं मी म्हटलं की ऐकणारे हसतात, आणि त्यांनी हसावंच. पण माझ्या नाकानं एकदा करून घेतलेली समजूत मला आजवर बदलता आलेली नाही. पौषातली संध्याकाळ होती. धुळ्याच्या थंडीत त्या वेळी गल्लीगल्लीतून तुरीच्या काड्यांचा धूर जमिनीलगत पसरत जायचा आणि दिवेलागणीचा उजेड त्या धुरात पिवळा, मऊ होऊन रेंगाळायचा. जळगावहून मामा आले होते. पारोळ्याच्या रस्त्यानं एस.टी.नं येताना भुवया धुळीनं पांढऱ्या करून घ्यायच्या आणि आल्याआल्या पिशवी आईच्या पुढ्यात रिकामी करायची, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी पिशवीतून आधी भरताची वांगी निघाली, हिरवी, पांढरट रेघांची, देठांना अजून शेतातला ओलावा असलेली; आणि वांग्यांच्या खालून, पातळ कागदात गुंडाळलेली, चित्रांची काही कार्डं. मी पहिलं कार्ड उचलून नाकाशी नेलं. परदेशी वस्तूचा आधी वास घ्यायचा, हे त्या वयातलं माझं शास्त्र होतं.

मामा जळगावात एका मारवाडी शेठजींच्या कापसाच्या पेढीवर कामाला होते. शेठजींचा कापूस मुंबईमार्गे थेट जपानपर्यंत जायचा, आणि तिकडची घेणारी मंडळी दर नव्या वर्षाला आठवणीनं काहीतरी पाठवायची. एरवी कॅलेंडर यायचं, बर्फाच्या डोंगराचं नाहीतर छत्री घेतलेल्या बाईचं, आणि ते पेढीच्या भिंतीवर लक्ष्मीच्या शेजारी वर्षभर सुखानं नांदायचं. त्या वर्षी ही कार्डं आली. शेठजींनी ती एकेक करून निरखली आणि म्हणाले, "यात देव नाही, माणूस नाही, तारीखसुद्धा नाही. लावायची कुठं?" असं म्हणून त्यांनी ती मामांच्या हाती दिली, आणि मामांनी, घरात दोन शिकलेल्या भाच्या आहेत या भाबड्या विश्वासानं, ती धुळ्याला आणली.

नाना, म्हणजे आमचे वडील, कचेरीत कारकून होते आणि कुठलाही कागद उलटासुलटा तपासल्याशिवाय खाली ठेवायचा नाही ही त्यांची सवय. त्यांनी एक कार्ड दिव्याजवळ धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून मागची अक्षरं पाहिली, तर ती जपानी. तीसुद्धा उलटी की सुलटी, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि ‘चांगलं आहे’ असं, कचेरीत साहेबांच्या टिपणीला म्हणत असतील तसं, म्हणून टाकलं. कागद मात्र खरोखर सुंदर होता, जाड, किंचित खरखरीत, कडेनं पांढरी पट्टी सोडलेला. लाकडावर कोरून, शाई लावून कागदावर उमटवलेल्या ठशांची ती चित्रं होती. काळ्या शाईच्या रुंद पसाऱ्यातून लाकडाच्या बारीक शिरा पांढऱ्या होऊन वर आल्या होत्या. कुठे एक तांबडा तुकडा, कुठे पावसाळी राखाडी रंगाची पट्टी, आणि बाकी सगळा कागद मोकळा, कोणी काही बोलत नसावं तसा. आईनं वांगी निवडता निवडता मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "चित्र कुठं शे?"

अक्कानं त्यांतलं एकच कार्ड मागून घेतलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, विमल. उंच, सावळी, कमी बोलणारी. आणि जे बोलायची ते असं सरळ की आईनं घाईघाईनं विषय बदलावा. मॅट्रिक झाल्यावर ती शिवणाच्या क्लासला जात होती. तिनं घेतलेल्या कार्डावर एक मोठा काळा आकार होता, वळत वळत जाणारा आणि जिथे वर्तुळ पुरं व्हायला हवं नेमका तिथे थांबणारा. त्या थांबलेल्या जागेपासून थोडं दूर, एकटाच, तांबडा चौकोन. आमच्याकडे त्याच दिवाळीला रेडिओ आला होता, आणि रेडिओला कव्हर हवं हे तर ओघानंच आलं. आमच्या गल्लीत ज्या ज्या घरी रेडिओ होता त्या त्या घरी कव्हरावर हंस होते, कमळं होती, नाहीतर डाळिंबाच्या फांदीवर बसलेला पोपट होता. अक्कानं दुसुतीच्या पांढऱ्या तुकड्यावर चौकटी आखल्या, कार्डावरचा आकार मोजून मोठा केला, आणि माघभर दुपारच्या उन्हात उंबऱ्याशी बसून ती तो रेशमानं भरत राहिली.

भरतकाम हा शब्द किती फसवा आहे, ते मला तिच्या शेजारी बसून कळलं. त्या काळ्या आकारातल्या लाकडाच्या शिरा भरायच्या नव्हत्या, सोडायच्या होत्या. साखळी टाक्याच्या दोन ओळींमध्ये दोऱ्याएवढी जागा, कधी रुंद, कधी अगदी निमुळती. तिला भरायला वेळ लागत नसे, सोडायला लागे. मी कंटाळून म्हणायची, "अगं, पुरं कर ना ते वर्तुळ, बोटभर तर राहिलंय," तर ती सुई दातांत धरून नुसती मान हलवायची. तिला त्या चित्रात काय दिसत होतं हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही. एवढं मात्र आठवतं की ते कव्हर पहिल्यांदा रेडिओवर टाकलं तेव्हा आमची ती पोपडे धरलेली पुढली खोली एकदम शांत वाटली होती.

फाल्गुनात अक्काला पाहायला एक मंडळी आली. चहा झाला, पोहे झाले, आणि त्यांच्यातल्या एका बाईंनी रेडिओकडे बोट करून विचारलं, "हे अजून व्हायचं आहे वाटतं?" अक्का म्हणाली, "नाही, झालंय." बाईंनी बरं म्हणून रुमालानं ओठ टिपले. पुढे नकार आला. नकाराला शंभर कारणं असतात, अक्काची उंची हे तर उघडच एक होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं नाना समजूत घालत म्हणाले. पण आईच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तिच्या दृष्टीनं तो कावळा रेडिओवर बसलेला होता. येताजाता ती त्या कव्हराकडे पाहायची, आणि त्या न जुळलेल्या दोन टोकांमधून आपल्या लेकीचा संसार गळून जातो आहे अशी भीती तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसायची.

चैत्रात बोदवडचं स्थळ आलं. मुलगा पंचायत समितीत नोकरीला, घरची थोडी शेती, माणसं साधी. मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती आणि आईनं आम्हां दोघींना एकवीरेच्या दर्शनाला पाठवलं. पांझरेचं पात्र आटून वाळूचं झालेलं, काठच्या कडुनिंबांना मोहोर आलेला, आणि त्या कडवट गोड वासात ऊन उतरत चाललेलं. आम्ही मुद्दाम रमतगमत परत आलो. अक्का खुशीत होती. तिनं माझ्या वेणीत निंबाचा तुरा खोचला आणि मी तो काढून तिच्या वेणीत खोचला, असं करत करत आम्ही घरात शिरलो, आणि पाहतो तर रेडिओवर पोपट.

हल्लीची मुलं ‘पोपट झाला’ म्हणतात त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. त्यामुळे हसू आलं नाही. जिथे काळा आकार थांबला होता त्याच मोकळ्या जागेत आईनं हिरव्या रेशमानं पोपट बसवला होता. त्याच्या पाठीनं वर्तुळ पुरं झालं होतं, शेपटी तांबड्या चौकोनापर्यंत लांबवली होती, चोच त्याच तांबड्या रेशमाची होती, आणि डोळ्याच्या जागी माझ्या तुटलेल्या माळेतला लाल मणी. आईचे टाके एरवी मोत्यासारखे. हे मात्र घाईचे होते, एक आखूड, एक लांब, कापड जागोजागी आवळलेलं. आम्ही देवीपुढे हात जोडत होतो तेव्हा ती इथे एकटी, दाराकडे कान लावून, भराभरा पोपट भरत बसली असणार. अक्का पायातल्या चपलांसकट उभी राहिली. आई साक्रीकडच्या खेड्यातली. घाबरली की शहरातली भाषा तिला सोडून जायची. ती म्हणाली, "अर्धं दिसे व माय. लोकं म्हनतीन, पोर बठ्ठं अर्धंच सोडस." बठ्ठं, म्हणजे सगळंच.

अक्कानं चपला काढल्या. ती परसात जाऊन पाय धुऊन आली आणि दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडायला बसली. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, निदान कव्हर काढून ठेवेल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

बोदवडची मंडळी आली ती मुलगा, त्याची आई आणि एक काका. दाखवण्याच्या कार्यक्रमात एक प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. पोहे कोणी केले, तर मुलीनं. पडदा कोणी विणला, तर मुलीनं. हलवायाच्या दुकानातून आणलेली बर्फीसुद्धा त्या दिवशी मुलीनंच केलेली असते, आणि विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्याला कोणी खोटं म्हणत नाही, तो एक मंगलाष्टकाआधीचा मंत्रच. मुलाच्या आई रेडिओजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पोपटावरून हात फिरवला, मण्याशी बोट थांबवलं, आणि मनापासून म्हणाल्या, "पोपट भारी जमला आहे. तूच केला ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझ्या मागे आई. तिचा हात माझ्या दंडावर होता आणि तो एकदम घट्ट झाला. नाना खिशात चष्मा शोधू लागले, जो त्यांच्या डोळ्यांवरच होता. एका ‘हो’चा प्रश्न होता. तो ‘हो’ म्हटला असता तर अक्का त्या घरात पोपट भरणारी, सगळं पुरं करणारी मुलगी म्हणून गेली असती. नाही म्हटलं तर आईचा हात चारचौघांत उघडा पडणार होता, आणि कदाचित हेही स्थळ जाणार होतं. अक्कानं खाली घातलेली मान वर केली.

"पोपट आईनं केलाय," ती म्हणाली. "बाकीचं मी."

बोदवडकडची बोली आमच्याहून वेगळी, जरा लांबवून बोलायची. मुलाच्या आईंनी कव्हराकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि ज्यात राग नव्हता, खरंच कुतूहल होतं, अशा आवाजात विचारलं, "बाकीचं म्हणजे काय वं, माय?"

खोलीतल्या सगळ्यांनी रेडिओकडे पाहिलं. पोपट सोडूनही तिथे काही आहे, हे त्या क्षणापर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा मुलगा, जो आल्यापासून आपल्या गुडघ्यांकडे पाहत होता, उठला आणि रेडिओपाशी गेला. त्यानं पोपट तळहातानं झाकला.

"हा नसता तर?" त्यानं विचारलं.

"तर एवढंच," अक्का म्हणाली.

"असं," म्हणून तो जागेवर जाऊन बसला आणि त्यानं पाणी मागितलं. मंडळी गेल्यावर आई चुलीपुढे बसून राहिली. तिनं अक्काला एका शब्दानं बोल लावला नाही. "मी भरायलाच नको होतं," एवढंच ती नानांना म्हणाली, आणि कुठली भीती अधिक होती, स्थळ गेल्याची की लेकीचं मन मोडल्याची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग वाट पाहण्याचे दिवस. उन्हं चढत होती, अंगणात खाटांवर ज्वारीचे पापड वाळत होते, आणि पोस्टमनच्या सायकलच्या घंटीनं आईचे हात पिठात थबकायचे. आणि एका दुपारी कार्ड आलं. साधं पिवळट सरकारी कार्ड. आईला वाचता येत नव्हतं. नाना कचेरीत, आम्ही दोघी विहिरीवर. आम्ही परतलो तेव्हा ती कार्ड छातीशी धरून दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. "होकार ऊना," ती म्हणाली. मी कार्ड हातात घेतलं. तिला एक अक्षर कळलेलं नव्हतं, पण कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं होतं. बोटानं ओढलेला एक पिवळा फरकाटा, आणि त्याला जेमतेम चिकटलेला तांबडा डाग.

त्या डागांत देव नव्हता, माणूस नव्हता, तारीखही नव्हती. तरी ते वाचायला आईला कोणाची गरज लागली नाही. हे मला आज सुचतं आहे. त्या दिवशी मी नुसती उड्या मारत होते. पण आईला त्याच दिवशी काहीतरी सुचलं असावं, कारण ते कार्ड देवापुढे ठेवून येताना ती रेडिओसमोर थांबली आणि बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कव्हर काढून मांडीवर घेतलं, सुईच्या टोकानं टाका उचलला, ब्लेडनं कापला, आणि आपला पोपट आपणच उसवायला बसली. शेपटीपासून सुरुवात केली. अक्का शेजारी बसून गहू निवडत होती. तिनं ‘नको’ म्हटलं नाही आणि हातभारही लावला नाही. हिरव्या रेशमाचे बारीक तुकडे आईच्या लुगड्यावर पडत होते, दारातून आलेलं ऊन त्यांच्यावर होतं, आणि मी तिथून उठून जावं असं मला वाटलं, पण मी उठले नाही. पंख गेले, पाठ गेली, चोच गेली. शेवटी राहिला मणी. आईनं त्याच्याखाली सुई घातली तेव्हा अक्कानं गव्हाचं सूप बाजूला ठेवलं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"तो राहू दे."

"पोपट नही, अन् डोया कसाले?" आई म्हणाली.

"राहू दे."

तो राहिला. पुरं न झालेलं काळं वर्तुळ, दूरवर तांबडा चौकोन, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, टाक्यांच्या बारीक भोकांच्या घेऱ्यात, एक लाल मणी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर अक्काचं लग्न झालं आणि कव्हर तिच्याबरोबर बोदवडला गेलं. तिकडचा रेडिओ लहान, म्हणून ते दोन्ही बाजूंनी दुमडून घालावं लागे. भावोजींनी त्याचं नावच ‘बाकीचं’ ठेवलं. "विमल, ते बाकीचं जरा वर कर, बातम्या लागल्यात," असं ते रोज संध्याकाळी म्हणायचे, आणि पुढे त्यांची मुलंही तेच म्हणू लागली. रेडिओच्या कव्हराला बाकीचं म्हणतात, असं त्यांतला धाकटा शाळेत सांगून आला होता.

वर्षं गेली. नाना गेले. आई कधी माझ्याकडे, कधी अक्काकडे राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते आणि आठवणही जरा इकडची तिकडे होऊ लागली होती. मुलांची नावं चुकायची, गावं मिसळायची. असाच एकदा मी उन्हाळ्यात बोदवडला गेले होते. संध्याकाळ होत आलेली, अंगणात नुकतंच पाणी शिंपडलेलं, तापलेल्या मातीचा वास घरभर. स्टेशनकडून मालगाडीचा आवाज येत होता. आई रेडिओशेजारच्या खाटेवर बसली होती. तिनं हात पुढे करून कापड चाचपलं आणि विचारलं, "पोपट शे ना व, विमल, आजून?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. स्वतः उसवलेला पोपट ती विसरली होती, की इतक्या वर्षांनी विचारून पाहत होती, मला कळलं नाही. आजही कळत नाही. अक्का भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनी उठून आली. चार परक्या माणसांत, सगळं पणाला लागलेलं असताना, जिच्या तोंडून एक साधा ‘हो’ निघाला नव्हता ती माझी बहीण. आणि आईशी ती लहानपणापासून शाळेतली मराठी बोलायची, आईची बोली तिनं कधी तोंडी घेतली नव्हती.

"शे ना, माय," ती म्हणाली. "हाऊ देख त्याना डोया."

तिनं आईचं बोट धरून मण्यावर नेऊन ठेवलं. पिठाचा एक पांढरा ठसा काळ्या रेशमावर उमटला. आईचं बोट मण्यावर क्षणभर थांबलं, मग आपलं आपणच सरकू लागलं, मानेवरून पाठीवर, पाठीवरून हळूहळू खाली, शेपटीच्या टोकापर्यंत. इतक्या धुण्यांनी ती भोकं केव्हाच मिटली होती. मी नंतर डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, काहीही दिसत नव्हतं. तरी बोट एकदाही चुकलं नाही.

मूळ कार्ड आता माझ्याकडे आहे. वांग्याचा वास अर्थातच गेला आहे. जपानातल्या त्या चित्रकारानं ती जागा कशासाठी सोडली होती कुणास ठाऊक, आणि मी ते कधी शोधलंही नाही. कधीतरी ते काढून बघते, आणि त्या मोकळ्या जागेवर माझी नजर मानेवरून पाठीवर, पाठीवरून खाली उतरत जाते.

त्या संध्याकाळी बातम्यांची वेळ झाली तेव्हा आईचं बोट अजून कापडावरच होतं. भावोजी रेडिओपाशी आले. ‘बाकीचं वर कर’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी कव्हराच्या खालून अलगद हात घातला, चाचपडत बटण फिरवलं, आणि कापड न उचलता बातम्या लावल्या. त्या जरा दबक्या ऐकू आल्या.